सागवान, माणगा आणि मोजपट्टी: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की लाकूड, जंगल, फर्निचर, बांबू यातलं काहीही विचारा. प्रश्न इतके आले की सगळे घेणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत आणि फक्त गाव ठेवलंय. काही उत्तरं लांबलीत कारण तो विषय दोन ओळीत सांगितला तर लोकांचं नुकसान होतं.

प्रश्न (पुणे): नवीन फ्लॅटचं इंटिरिअर चालू आहे. मला सागवानी बेड आणि दारं हवी आहेत. मुलगी आठवीत आहे, ती म्हणते आई तू झाडं तोडायला लावतेस, स्टीलचं घे. तिला काय सांगू?

उत्तर: ताई, तिला गप्प करू नका, प्रश्न चांगला आहे. तिच्यासोबत बसून हिशोब करा. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, झाड कुठलंही असो. तुमच्या बेडला समजा १० घनफूट सागवान लागलं तर त्याचं कोरडं वजन झालं १७० किलोच्या आसपास, म्हणजे ८५ किलो कार्बन, आणि हा कार्बन झाडाने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतलेला असतो म्हणून त्याला ३.६७ ने गुणायचं, की आले ३१० किलो. एवढा वायू तुमच्या बेडरूममध्ये लाकडाच्या रूपात अडकून राहतो आणि बेड जळत किंवा कुजत नाही तोपर्यंत तिथेच राहतो. स्टीलचं म्हणाल तर एक टन नवीन स्टील तयार करताना जगाच्या सरासरीने दोन टनांच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि ॲल्युमिनियमचं तर त्याहून बरंच जास्त.

आता हे लाकडात अडकलेलं किती वर्षं टिकतं असं धरायचं? त्यावर आयपीसीसीचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल तज्ज्ञगटाचे आकडे आहेत, देशांनी आपला कार्बनचा हिशोब मांडताना वापरायचे. चिरलेल्या लाकडासाठी ३५ वर्षं, प्लायवूड आणि बोर्डसाठी २५ वर्षं आणि कागदासाठी २ वर्षं, म्हणजे इतक्या काळात त्यातला निम्मा माल वापरातून जातो असं धरतात. आजीचा सागवानी पलंग नातीपर्यंत टिकतो तेव्हा तो या सरासरीच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. त्यामुळे घरात जुनं सागवान असेल तर कृपया ते भंगारात देऊ नका, सुताराला दाखवा, रंधा मारला की आतून नवीन निघतं.

संशोधनात एक गोष्ट मात्र अजून वादाची आहे आणि तीही मुलीला सांगा. स्टील-काँक्रीटच्या जागी लाकूड वापरलं तर नेमका फायदा किती? २०१० मध्ये २१ अभ्यास एकत्र करून सरासरी काढली गेली होती ती अशी, की लाकडातल्या प्रत्येक १ टन कार्बनमागे २.१ टन कार्बनचं उत्सर्जन टळतं. २०१८ मध्ये युरोपियन फॉरेस्ट इन्स्टिट्यूटने ५१ अभ्यास तपासले तेव्हा तोच आकडा १.२ आला. पुढे स्टील आणि सिमेंट जसं स्वच्छ पद्धतीने बनायला लागेल तसा हा फायदा अजून कमी होत जाणार. फायदा आहेच, पण जाहिरातीत सांगतात तेवढा मोठा आकडा डोळे झाकून घ्यायचा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची अट, हा अख्खा हिशोब तेव्हाच खरा जेव्हा तोडलेल्या झाडाच्या जागी पुन्हा झाड उभं राहतं. जुनं नैसर्गिक जंगल कायमचं मोकळं करून आणलेलं लाकूड असेल तर मातीतला कार्बन, प्राणी, ओढे सगळंच गेलं, मग बेडमधल्या ३१० किलोचा काय उपयोग. म्हणून वखारीत गेलात की माल कुठला ते विचारा. बऱ्याच ठिकाणी अजून 'बर्मा टीक' म्हटलं की गिऱ्हाईक खूश होतं, पण म्यानमारने २०१४ मध्येच अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिका आणि युरोपने निर्बंध घातले. आज बाजारात घाना, इक्वेडोर, पनामा इथल्या लागवडीतलं सागवान येतं आणि आपलं 'सीपी टीक' म्हणजे विदर्भ-मध्य प्रदेशातलं सागवान येतं. आपलं घ्या, पण लिलावाची पावती आणि वाहतूक परवाना आहे का ते बघून घ्या. प्लायवूड घेणार असाल तर त्यातलं पुष्कळसं हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी बांधावर लावलेल्या पॉप्लर आणि निलगिरीचं असतं, यमुनानगरला त्याचा मोठा बाजार आहे, तिथे जंगलाला हातच लागत नाही.

प्रश्न (चंद्रपूर): अयोध्येच्या मंदिराला, नव्या संसद भवनाला आमच्या विदर्भातलं सागवान गेलं याचा अभिमान वाटतो. पण आमच्याच भागात मिश्र जंगल कापून नुसतं सागवान लावलेलं पण आम्ही बघितलंय. मग याला शाश्वत कसं म्हणायचं? वनखातं जे 'कूप' पाडतं ते कुठल्या शास्त्रावर?

उत्तर: तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी विचारल्यात आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

आधी कूपाचं, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याचं. जेवढं वाढतं तेवढंच काढायचं हा विचार लिहून मांडला तो जर्मनीतल्या सॅक्सनीच्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झने, १७१३ मध्ये. तो वनाधिकारी नव्हता, चांदीच्या खाणींचा कारभार बघायचा, आणि खाणीला व भट्टीला लाकूड पुरेना म्हणून त्याला हे सुचलं. आपल्याकडे हा हिशोब आणला डीट्रिख ब्रँडिस या जर्मन माणसाने. तो १८५६ मध्ये बर्मात पेगूच्या सागवानी जंगलात आला. पावसात कागद टिकत नाही म्हणून हत्तीवर बसून जाताना हातात काठ्या ठेवायचा, एकेक काठी एकेका जाडीच्या झाडांसाठी, आणि झाड दिसलं की त्या काठीवर चाकूने एक खाच. अशा खाचा मोजून जंगलात किती मोठी, किती मध्यम, किती लहान झाडं आहेत आणि लहान झाड मोठं व्हायला किती वर्षं लागतात यावरून वर्षाला किती तोडायची ते ठरवलं. १८६४ मध्ये तो हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. आजची कार्य आयोजना, म्हणजे कुठे, कधी, किती तोडायचं याचा वनखात्याचा आराखडा, हे त्याच विचाराचं मोठं रूप, फक्त आता नमुना प्लॉट, उपग्रह आणि घनफळाची कोष्टकं आहेत. १२ डिसेंबर १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर तर केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलात झाड तोडताच येत नाही, त्यामुळे कूप मनाला येईल तिथे पडत नाही, तो कागदावर आधी असतो आणि तुम्ही तो बघायला मागू शकता.

आता मिश्र जंगलाच्या जागी सागवान. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. १९७२ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने 'उत्पादन वानिकी'ची शिफारस केली, मग राज्याराज्यात वनविकास महामंडळं आली, आपलं १९७४ मध्ये, आणि त्या काळच्या समजुतीनुसार मिश्र जंगल म्हणजे कमी किमतीचं जंगल, ते काढून सागवान लावायचं असं चाललं. मोह, तेंदू, चार, हिरडा, बेहडा यांची किंमत त्या हिशोबात जवळपास शून्य धरली गेली होती, जी गावातल्या बाईच्या हिशोबात वर्षभराची मीठ-मिरची होती. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने हे बदललं, उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून लावून घ्यावा असं त्यात स्पष्ट आहे. माझं मत विचाराल तर हे धोरण तीस वर्षं आधी यायला हवं होतं.

नुसत्या सागवानात काय बिघडतं हे पण शास्त्रज्ञांनी मोजून ठेवलंय. सागाचं पान मोठं, त्यावर पावसाचे थेंब जमून मोठे थेंब होतात आणि उंचावरून जोरात खाली पडतात, खाली गवत-झुडूप असेल तर ठीक, पण उन्हाळ्यात वणव्याने खालचं जळलेलं असेल तर ते थेंब माती उडवतात आणि पहिल्याच पावसात ती वाहून जाते. दुसरं किडीचं. केरळ वन संशोधन संस्थेने, म्हणजे पीचीच्या केएफआरआयने, नीलंबूरच्या कोवळ्या सागवनात पाहणी केली तेव्हा पानं खाणाऱ्या अळीमुळे घनफळाची वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. झाड मरत नाही, पानं परत येतात, म्हणून कोणाला नुकसान दिसतच नाही, पण निम्म्याच्या जवळपास वाढ अळीच्या पोटात जाते. मग त्याच संस्थेने त्या अळीला नैसर्गिकरीत्या होणारा एक विषाणू शोधून त्याची फवारणी वापरून बघितली, तो दुसऱ्या किड्यांना किंवा माणसाला काही करत नाही. विमानातून कीटकनाशक मारण्यापेक्षा हे हजारपट बरं.

नीलंबूर म्हटलं की एक सांगतो, तिथे १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली आणि चातू मेनन यांनी लावलेल्या सागवानाचा एक तुकडा अजून उभा आहे. चातू मेननचं नाव फार कमी लोकांना माहीत असतं, पण बी रुजत नव्हतं तेव्हा जमिनीवर राबून रोपं उभी केली ती त्याने.

आणि तुमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा विसरू नका. धानोरा तालुक्यातलं हे गाव, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल गावाने मिळून राखायचा आणि वापरायचा हक्क मिळाला, २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. कार्लोविट्झचा नियम तिथेही तोच, जेवढं वाढतं तेवढंच काढायचं, फक्त मोजणारा आणि ठरवणारा गावातला. माझ्या मते विदर्भाच्या जंगलाचं पुढचं शास्त्र इथून यायला हवं, प्रयोगशाळेने गावाकडे जायला हवं.

प्रश्न (कुडाळ): माझ्याकडे दोन एकर वरकस जमीन आहे, जांभा दगड आहे. एक एजंट येतो, म्हणतो टिश्यू कल्चर सागवान लावा, बारा वर्षांत कोटी रुपये. बायको नको म्हणते. लावू का?

उत्तर: दादा, वहिनींचं ऐका. निदान एजंट म्हणतो त्या आकड्यावर तरी लावू नका.

कारण एकेक करून सांगतो. टिश्यू कल्चर हे फसवं नाही, ते खरं विज्ञान आहे आणि आपल्या पुण्यातलंच आहे, १९८० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या म्हणजे एनसीएलच्या शास्त्रज्ञांनी मोठ्या वाढलेल्या सागाच्या झाडापासून टिश्यू कल्चरने रोपं तयार करून दाखवली होती. पण टिश्यू कल्चरचा अर्थ एवढाच की आईझाडाचे गुण जसेच्या तसे येतात. आईझाड सरळ, निरोगी, जोमाचं असेल तर रोप पण तसं. जांभ्याच्या कातळावर चार बोटं माती असेल तर ते जोमाचं रोप पण उपाशीच राहणार. सागाला खोल, निचऱ्याची, चुनखडीचं प्रमाण चांगलं असलेली जमीन लागते, आम्लधर्मी जमिनीत आणि पाणी साचतं तिथे तो रडतो. कोकणातली वरकस जमीन बहुतेक अशीच असते.

दुसरं वयाचं. सागवानाचा भाव गाभ्याला असतो. बाहेरचा पांढरा कच्चा भाग वाळवी आणि भुंगा खातात, गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात म्हणून त्याला कीड लागत नाही. बारा-पंधरा वर्षांच्या झाडात गाभा कमी आणि पांढरं जास्त. इथे एक गंमत सांगतो, साग लवकर वाढला की लाकूड हलकं होतं असा समज आहे, तो बरोबर नाही. केएफआरआयच्या अभ्यासांत कोवळ्या, भराभर वाढलेल्या सागाची ताकद जुन्याच्या जवळपास आलेली आहे. ताकद येते, टिकाऊपणा आणि गाभ्याचा घेर यायला वर्षं लागतात. आणि लिलावात पैसे घेराला आणि लांबीला मिळतात, नुसत्या झाडांच्या संख्येला मिळत नाहीत.

तिसरं म्हणजे एजंट जो गुणाकार करतो तो. दोन मीटरवर लावली की एकरी हजार झाडं, दोन एकरात दोन हजार, प्रत्येकी पाच हजार रुपये, झाले कोटी. पण हजारच्या हजार झाडं शेवटपर्यंत ठेवली तर सगळी काठीसारखी बारीक राहतात. शास्त्र सांगतं की पाचव्या-सहाव्या वर्षापासून विरळणी करत जायचं, वाकडी, दबलेली, रोगट काढायची, आणि शेवटी हेक्टरी शे-दीडशेच्या आसपास चांगली झाडं उरतात. म्हणजे एकरी चाळीस-साठ. आता परत गुणाकार करून बघा. नव्वदच्या दशकात अशाच गुणाकारावर सागवानाच्या योजना निघाल्या होत्या, गावोगावी लोकांनी पेन्शनचे पैसे घातले आणि बुडाले, शेवटी १९९९ मध्ये सेबीला, म्हणजे गुंतवणूक बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. तेव्हाच्या जाहिराती आणि आजचा व्हॉट्सॲप मेसेज यात मला तरी काही फरक दिसत नाही.

मग काय लावायचं? तुमच्या सिंधुदुर्गात उत्तर बांधावरच उभं आहे, माणगा. आपल्याच सह्याद्रीच्या पट्ट्यातला, भरीव, जवळजवळ बिनकाट्याचा बांबू, हात घालायला सोपा. कलमाने किंवा कांड्याने लागतो, चार-पाच वर्षांत तोडीला येतो आणि मग दरवर्षी. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वानिकी महाविद्यालय आहे, तुमच्या कुडाळातच कॉनबॅक ही संस्था आहे जिथे बांबूचं फर्निचर आणि घरं बनतात, एकदा जाऊन या, एजंटपेक्षा खूप जास्त कळेल. कायद्याचं बघाल तर साग तुमच्या स्वतःच्या जमिनीत असला तरी १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली तोडायला परवानगी लागते, म्हणून लावलात तर सातबाऱ्यावर नोंद करून ठेवा. बांबूला मात्र २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून काढलं, म्हणजे वनाबाहेरचा बांबू आता तुमचं पीक आहे.

सागाची हौस असेलच तर जिथे माती खोल आहे अशा ठिकाणी, ओढ्याच्या वरच्या अंगाला, काही झाडं लावा. नातवंडांसाठी म्हणून लावा, बँकेचा हप्ता त्याच्यावर ठेवू नका.

प्रश्न (सातारा, इयत्ता नववी): झाडाच्या आतल्या गोलांवरून वय कळतं असं पुस्तकात आहे. आमच्या अंगणातला आंबा तोडला तेव्हा गोल नीट दिसलेच नाहीत. मग हे खोटं आहे का?

उत्तर: खोटं नाही रे, पण सगळ्या झाडांना लागू नाही. जिथे थंडीत झाडाची वाढ पूर्ण थांबते तिथे दरवर्षी स्पष्ट रेघ पडते. आपल्याकडे उष्ण भागात बरीच झाडं थोडीथोडी वाढतच राहतात, त्यामुळे आंब्यासारख्या झाडात वर्ष ओळखता येईल अशी रेघ पडत नाही. साग मात्र अपवाद आहे. उन्हाळ्यात तो सगळी पानं टाकून निष्पर्ण उभा राहतो, पावसाबरोबर परत सुरू होतो, आणि सुरुवातीला मोठ्या छिद्रांचं लाकूड तयार करतो, म्हणून त्याची वर्षं मोजता येतात. पुण्यातल्या आयआयटीएम म्हणजे उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातल्या सागाच्या कड्या मोजून ५२३ वर्षांची नोंद तयार केली, १४८१ ते २००३. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षीची कडी बारीक, आणि त्यातली बरीच वर्षं प्रशांत महासागरातल्या एल निनोच्या वर्षांशी जुळतात असं त्यांना दिसलं. शिवाजी महाराजांच्याही आधीच्या काळातला पाऊस झाडाने लिहून ठेवलाय आणि तो आपल्या पुण्यातल्या लोकांनी वाचलाय, मला हे फार भारी वाटतं.

याचा जंगलाच्या कामाला उपयोग असा की साग वर्षाला किती जाड होतो हे अंदाजावर न ठेवता मोजता येतं आणि मग किती तोडायचं ते ठरतं. झाड न तोडता पण होतं, पेन्सिलएवढी जाड नळी खोडात फिरवून नमुना काढतात. तू एक कर, गावातल्या वखारीत सागाचा कापलेला ओंडका शोध, सँडपेपरने टोक घासून गुळगुळीत कर, थोडं पाणी लाव आणि भिंगातून बघ.

प्रश्न (मिलवॉकी, अमेरिका): आमच्या इथे २५ मजली लाकडी टॉवर झालाय. आई-बाबा नागपूरहून आले होते, ते त्यात जायलाच घाबरत होते, म्हणे आग लागली तर? आणि असं भारतात होईल का?

उत्तर: तो असेंट, २०२२ मध्ये पूर्ण झालेला, उंची ८६.६ मीटर. त्याआधी नॉर्वेतल्या ब्रुमुंडालचं म्योसटॉर्नेट, ८५.४ मीटर आणि १८ मजले, २०१९ चं. आई-बाबांची भीती स्वाभाविक आहे कारण आपण लाकूड म्हटलं की चुलीतली काडी आठवतो. पण चुलीत पण बघितलं असेल, काडी भुरकन जाते आणि जाड ओंडका रात्रभर धुमसतो. या इमारतीत फळ्या आडव्या-उभ्या थरांत चिकटवून भिंतीएवढी जाड पाटी करतात किंवा एकावर एक चिकटवून तुळया करतात. त्याला आग लागली की बाहेरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. सूचिपर्णी म्हणजे पाइन-देवदारसारखं लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या वेगाने आत जळत जातं, वेग माहीत असल्यामुळे इंजिनिअर आधीच तेवढी जादा जाडी ठेवतात. उघडं स्टील त्याच आगीत साडेपाचशे-सहाशे अंशांना निम्मी ताकद घालवून बसतं. तुमच्या जवळच मॅडिसनला अमेरिकेच्या वनखात्याची फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे, १९१० पासूनची, असेंटच्या खांबांची आगीची चाचणी तिथेच झाली होती. आई-बाबांना परत नेलंत तर हे सांगा.

भारतात? आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगल वाचवायचं म्हणून १९९३ मध्ये सरकारी इमारतींत लाकडावर बंदी घातली होती, ती २०२० मध्ये उठली. बंदी मागचा हेतू चांगला होता पण झालं असं की दारं-खिडक्या ॲल्युमिनियम, पीव्हीसी आणि स्टीलच्या झाल्या आणि शेतकऱ्याच्या लाकडाला गिऱ्हाईक राहिलं नाही. २५ मजल्यांची घाई आपल्याला नको, इथे वाळवी आहे, चार महिने पाऊस आहे आणि सूचिपर्णी लाकूड हिमालय सोडला तर फारसं नाही. पण हेच चिकटवण्याचं तंत्र विरळणीत निघणाऱ्या बारीक सागासाठी, निलगिरीसाठी, बांबूसाठी वापरून शाळेची छपरं, दारं, तुळया करणं हे मला फार गरजेचं वाटतं. वर कुडाळच्या उत्तरात विरळणीचं लिहिलंय, ती विरळणी शेतकरी करत नाही कारण बारीक लाकडाला भाव मिळत नाही, भाव मिळाला तर तो वेळेवर विरळणी करेल आणि उरलेली झाडं जाड होतील.

प्रश्न (नागपूर): सुतार आहे. रत्नागिरीच्या गिऱ्हाईकाला सागवानी दारं करून पाठवली, इथे एकदम फिट होती, तिकडे पावसाळ्यात फुगून बसली. माल चांगला होता. चूक कोणाची?

उत्तर: मालाची नाही, हवेची. लाकूड आजूबाजूच्या हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, तुमच्या नागपूरच्या मे महिन्यात ते अगदी कोरडं होतं आणि रत्नागिरीच्या जुलैत परत पाणी पिऊन आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ओल २५-३० टक्क्यांच्या वर असते तोवर लाकूड आकार बदलत नाही, त्याच्या खाली आलं की आकसायला लागतं. ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, दोन सुया टोचायच्या की आकडा दिसतो, ते घ्या, परवडतं. दार कुठे जाणार ते आधी विचारा आणि कोकणात जाणार असेल तर तिथल्या हवेच्या ओलीइतकंच कोरडं ठेवा, पट्ट्या आत सैल बसवा, आणि वरचा-खालचा काठ पण पॉलिशने बंद करा, तिथूनच जास्त पाणी शिरतं आणि तिथेच कोणी हात फिरवत नाही. नीट सीझनिंग म्हणजे वाळवणी न केल्यामुळे फेकून दिलेलं प्रत्येक दार म्हणजे उगाच तोडलेलं झाड, त्यामुळे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने १९०६ पासून भारतीय लाकडं वाळवण्यावर जे काम केलंय ते मला जंगल राखण्याचंच काम वाटतं.

प्रश्न (ठाणे): एफएससी असा शिक्का वहीवर असतो, तो खरा असतो का?

उत्तर: एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, नीट राखलेल्या जंगलातला माल आहे असं प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय संस्था, ती १९९३ पासून आहे, जंगल ते कारखाना ते दुकान अशी कागदपत्रांची साखळी बाहेरचे लोक तपासतात. शंभर टक्के निर्दोष नाही, कागद खोटे होऊ शकतात, म्हणून आता लाकडाच्या डीएनए आणि समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) ते कुठल्या भागातलं ते ओळखायचं संशोधन चालू आहे. भारत सरकारची स्वतःची प्रमाणपत्र योजना डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. शिक्का असलेली वही घ्या, आणि पाठकोऱ्या कागदावर पण लिहा, कागदातला निम्मा कार्बन दोनच वर्षांत जातो असं धरतात हे वर आलंच आहे.

प्रश्न (गोंदिया): बांबूच्या खुर्च्या केल्या, सहा महिन्यांत पिवळा भुगा पडायला लागला. आमचे म्हातारे म्हणतात अमावस्येला तोडला असता तर पडला नसता. खरं का?

उत्तर: भुंगा बांबूतल्या पिठूळ साखरेसाठी येतो. चंद्रापेक्षा ऋतूचा फरक मोठा, पावसाळ्यात कोंब म्हणजे वास्ते निघतात तेव्हा तोड बंद ठेवा आणि पाऊस संपून थंडी पडली की तोडा, तेव्हा पीठ कमी असतं. तीन वर्षांच्या आतला कोवळा बांबू घेऊ नका, त्याने बेटाचं पण नुकसान होतं. तोडल्यावर वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायची तुमच्या म्हाताऱ्यांची रीत मात्र अगदी शास्त्रशुद्ध आहे, पीठ धुऊन निघतं. फर्निचरसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड दीडास एक प्रमाणात घेऊन १०० लिटर पाण्यात दोन्ही मिळून ५ किलो टाका, गाठी आतून लांब सळईने फोडून बांबू त्यात आठवडाभर बुडवा आणि सावलीत उभा वाळवा. हे औषध पावसाच्या पाण्याने धुऊन जातं, त्यामुळे अंगणातल्या मांडवाला किंवा जमिनीत पुरायच्या खांबाला चालणार नाही, खुर्च्यांना उत्तम. भुगा पडलेल्या खुर्च्या दोन दिवस काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडक उन्हात ठेवा, मग भोकात इंजेक्शनच्या सुईने हेच पाणी सोडा.